किहीमच्या पाण्यात गेलेली चावी

आमची गाडी म्हणजे कर्ज काढून घेतलेली जुनी व्हॅन. आठवडाभर ती अंबरनाथच्या कारखान्यातल्या कामगारांची ने-आण करते, रविवारी घरची होते. २०२२ च्या डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही कल्याणहून किहीमला गेलो. आई, बायको, मुलगा, मुलगी, धाकटी बहीण आणि दाजी. सुरूच्या झाडाखाली गाडी लावली, लॉक केली आणि चावी हाफपँटच्या खिशात टाकून मी पाण्यात शिरलो.

बायको म्हणाली होती, "अहो, चावी माझ्याकडे द्या."

मी म्हटले, "खिसा खोल आहे."

खिसा खोल होता, पण त्याला चेन नव्हती. कमरेएवढ्या पाण्यात लाट आली की कापड फुगते, खिशाचे तोंड उघडते. लाट परत जाताना पायाखालची वाळूसुद्धा सरकते. तिथे पडलेली चावी क्षणात झाकली जाते. पाऊण तासाने खिशात हात घातला तर मूठभर वाळू निघाली.

सगळ्यांनी मिळून शोधले. पण भरती नुकतीच सुरू झाली होती. पाणी पुन्हा तेवढे ओसरायला बारा तास लागणार होते. त्या रागात मी मुलीवर ओरडलो, "तूच ओढलेस मला पाण्यात!" नऊ वर्षांची पोर. काही बोलली नाही, आजीजवळ जाऊन बसली.

आईला साखरेचा आजार आहे. तिच्या गोळ्या आणि आम्हा सर्वांचा भाकरीचा डबा बंद गाडीत. एक वाजून गेला होता, तिचे हात थरथरू लागले होते. दाजींनी धावत जाऊन टपरीवरून तिच्यासाठी बिस्किटे आणली. तेवढ्यात तिथल्याच एका ड्रायव्हरने युक्तीने दार उघडून दिले. पैसे घेतले नाहीत, चहा तेवढा घेतला. आई जेवली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

गाडी मात्र सुरू होईना. हल्लीच्या बहुतेक चाव्यांच्या मुठीत एक चिप असते. गाडीने ती ओळखली तरच इंजिन चालू राहते. आमची दुसरी चावी घरी, कर्जाच्या कागदांबरोबर पत्र्याच्या पेटीत. सोमवारी पहाटे ५ वाजता कामगार रस्त्यावर उभे राहणार, आणि खेप चुकली की ठेकेदार दुसरी गाडी लावणार. भाच्याला फोन केला. तो सहाला कामावरून सुटला, शेजारच्या काकूंकडून घराची किल्ली घेतली आणि मोटारसायकलवर निघाला. रात्री दहाला किहीममध्ये पोहोचला. "मामा, आधी काहीतरी खायला दे," एवढेच बोलला. आम्ही दोन वाजता घरी आलो. पाचला मी पुन्हा गाडीवर होतो.

नवी चिपवाली चावी करून घ्यायला गाडीची कागदपत्रे दाखवावी लागली आणि चार दिवसांची कमाई गेली. मग मी शहाणा झालो. फुटपाथवरच्या चावीवाल्याकडून बिनचिपची साधी चावी करून घेतली. तिने आमच्या गाडीचे दार उघडते, इंजिन चालू होत नाही. ती कमरेच्या नाडीला दोन गाठी मारून बांधायची आणि चिपवाली गाडीत नजरेआड ठेवायची. ज्यांची गाडी बटण दाबून सुरू होते त्यांनी मात्र हे करू नये, चावी आत असेल तर आत शिरणारा कोणीही गाडी घेऊन जाईल. रिमोट खाऱ्या पाण्यात पडलाच तर बटणे दाबत बसू नका. सेल काढा, गोड्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. मीठ आत राहिले की गंज धरतो. चाकावर किंवा दगडाखाली चावी लपवणारे पुष्कळ आहेत, पण ती जागा चोरालाही ठाऊक असते.

बायकोचे म्हणणे सोपे आहे: एकाने काठावर बसावे, पाळीपाळीने. हे तिने पहिल्याच दिवशी सांगितले होते, असे ती अजून ऐकवते.

मुलीची समजूत काढायला मला आठवडा लागला. चूक माझी होती हे तिच्यासमोर, आईदेखत, तोंडाने म्हणावे लागले. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा किहीमला गेलो. पाण्याकडे धावता धावता ती थांबली, मागे वळून हात पुढे केला आणि म्हणाली, "बाबा, चावी?"

मी दिली. पहिली पाळी तिची.