शेपटीचा कोलन

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसाची ती, रात्रीचीही साधारण तीच. रेवदंड्यात कुंडलिकेच्या मुखाशी राहणाऱ्याला हे शाळेत शिकावं लागत नाही. शेजारच्या थेरोंड्याच्या कोळीवाड्यातली एक मुलगी इंजिनिअरिंगला आहे. सी शिकताना तिनं स्वतःहून लिहिलेला पहिला प्रोग्राम याच पाऊणपटीचा होता. तिथी द्यायची, वेळ मिळवायची. मग त्यात तिनं आणखी भर घातली. महिनाभराच्या पाण्याच्या उंचीचे आकडे एका फाइलमध्ये भरले आणि त्यातून सगळ्यात खोल ओहोटी कधी ते काढायला लागली, कारण तिची आई खडकावर कालवं काढायला जाते आणि पाणी जितकं खाली जाईल तितकं तिला बरं.

मी पुण्यात वीसेक वर्षं वीजमीटरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर लिहीत होते. आता गावी सुपारीच्या वाडीतल्या घरातून थोडंफार काम करते. गावात हे कळलेलं असल्यामुळे कुणाचाही प्रिंटर बिघडला तरी तो माझ्या ओटीवर येतो. ही मुलगी मात्र खरोखर माझ्या कामाचं काहीतरी घेऊन आली.

"काकू, कॉलेजात चालतो, घरी चालत नाही. सर म्हणाले, लॅपटॉप फॉरमॅट मार."

कॉलेजच्या लॅबमध्ये जे उबुंटू होतं तेच तिच्या लॅपटॉपवर होतं. जीसीसी या कंपायलरची आवृत्तीही तीच. फाइली पेनड्राइव्हवरून जशाच्या तशा आणलेल्या. तरी घरी कंपायलर एका ओळीवर अडायचा. इंट_मॅक्स म्हणजे काय, हे मला माहीत नाही, असं त्याचं म्हणणं. सगळ्यात लहान आकडा शोधताना सुरुवातीला एक खूप मोठी संख्या धरून ठेवायची असते, तिथं तिनं ते वापरलं होतं. पुस्तकात दाखवतात तसंच. खाली कंपायलरनं सल्लाही दिला होता की इंट_मॅक्स हे 'लिमिट्स डॉट एच' या हेडरमध्ये असतं, ते घ्यायला विसरलात का?

विसरली नव्हती. फाइलच्या चौथ्या ओळीवर, कोनी कंसात, लिमिट्स डॉट एच स्वच्छ लिहिलेलं होतं. दारात उभ्या माणसाला 'तुम्ही आलात का' विचारावं तसला हा प्रश्न. पोर दोन दिवस त्या ओळीकडे बघून वैतागली होती. ती ओळ पुसून पुन्हा लिहिली होती, वर नेली होती, खाली आणली होती.

फॉरमॅट मारला असता तर प्रोग्राम चालला असता, हे इथंच सांगून टाकते. पण का चालला ते कुणालाच कळलं नसतं, आणि पुढच्या सेमिस्टरला तेच दुखणं परत आलं असतं.

मी कोड वाचायला घेतला नाही. कोड दोन्हीकडे एकच आहे, कंपायलर एकच आहे आणि निकाल वेगळा आहे, तर वेगळं काहीतरी या दोन्हींच्या बाहेर असणार. जीसीसीला मायनस व्ही हा पर्याय दिला की तो स्वतः काय काय करतो ते बडबडत जातो. त्या बडबडीत एक यादी असते. कोनी कंसातलं हेडर तो कोणकोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या क्रमानं शोधणार, याची. लॅबमधल्या यंत्रावर ही यादी जीसीसीच्या स्वतःच्या फोल्डरपासून सुरू झाली असती. तिच्या लॅपटॉपवर पहिल्या ओळीला ऑप्टमधलं कुठल्यातरी लायब्ररीचं फोल्डर होतं, आणि दुसऱ्या ओळीला नुसतं एक टिंब.

टिंब म्हणजे 'आत्ता जिथं आहे ते फोल्डर'. आणि त्या फोल्डरमध्ये तिचीच एक फाइल होती, तिचं नावही लिमिट्स डॉट एच. भरतीच्या पाण्याची कमाल आणि किमान उंची तिनं त्यात लिहून ठेवली होती. अवतरणचिन्हांत लिहिलेलं हेडर कंपायलर आधी त्याच फाइलशेजारी शोधतो, कोनी कंसातलं ठरलेल्या यादीत शोधतो. त्यामुळे लॅबमध्ये दोन्ही लिमिट्स सुखानं नांदत होते. घरी टिंब यादीत वर घुसल्यामुळे कोनी कंसालाही घरचीच फाइल मिळाली. कंपायलरनं हेडर घेतलं होतं, फक्त दुसरंच घेतलं होतं.

आता ते टिंब आलं कुठून? टर्मिनलवर सीपाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं मूल्य छापून पाहिलं. ऑप्टमधला तो पत्ता, आणि त्याच्या शेवटी एक कोलन. कोलननंतर काहीही नाही. हाच तो चोर.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे प्रोग्राम सुरू होताना त्याला न मागता मिळणारी नाव-मूल्यांची यादी. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे 1979 पासून, प्रत्येक प्रोग्राम आपल्या पोटच्या प्रोग्रामला ही यादी वारशात देत आला आहे. जीसीसी त्यातली मोजकीच नावं वाचतो. सीपाथ हे त्यातलं एक. त्यात कोलननं वेगळे केलेले पत्ते असतात, आणि ते आज्ञेत दिलेल्या पत्त्यांनंतर पण सिस्टिमच्या पत्त्यांआधी तपासले जातात. जीसीसीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की या यादीतली रिकामी जागा म्हणजे चालू फोल्डर समजावं. शेवटी लटकणारा कोलन म्हणजे त्याच्या पुढं एक रिकामी जागा, आणि रिकामी जागा म्हणजे टिंब. ही चूक नाही, जुना रिवाज आहे. सातव्या आवृत्तीच्या शेलमध्ये, आज्ञा कुठं शोधायच्या ते सांगणाऱ्या पाथ व्हेरिएबलची मूळ किंमतच कोलननं सुरू व्हायची, म्हणजे आज्ञा आधी चालू फोल्डरमध्ये शोधायची. तेव्हा ती सोय होती.

तिच्या लॅपटॉपवर हे कुणी लिहिलं? शेल सुरू होताना वाचली जाणारी बॅशआरसी ही फाइल उघडली तर शेवटी एक ओळ. कॉलेजबाहेरच्या एका कार्यशाळेत चित्रांवर काम करणारी एक लायब्ररी बसवून घेतली होती, आणि तिच्या सूचनांच्या कागदावर 'ही ओळ चिकटवा' असं होतं. ओळ अशी: सीपाथ म्हणजे आमचा पत्ता, मग कोलन, मग सीपाथचं जुनं मूल्य. जुनं मूल्य असेल तर ओळ बरोबर आहे. नसेल, आणि बहुतेकांकडे ते नसतंच, तर कोलन मागे लोंबत राहतो. हा कागद वर्गातल्या सगळ्यांनी पाळला होता. त्यांच्यापैकी बहुतेकांना काहीच जाणवलं नसणार, कारण आपल्या फाइलला सिस्टिमच्या हेडरचं नाव सहसा कुणी देत नाही. हिनं दिलं, म्हणून उघडं पडलं.

तिला पटावं म्हणून एक प्रयोग तिच्याच हातानं करायला लावला. एन्व्ह मायनस आय या आज्ञेनं वारशाची सगळी यादी कोरी करता येते. त्यात फक्त पाथ तेवढा परत दिला आणि त्याखाली जीसीसी चालवला. कोडमध्ये एक अक्षर न बदलता प्रोग्राम बांधला गेला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे त्याला आपण जे देतो तेवढंच तो घेत नाही."

नाही घेत. मी तिला अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची आठवण करून दिली. अलिबाग आपल्याला जवळचंच, पण वेधशाळा तिथं का आहे हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं? पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईत कुलाब्याला व्हायच्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्या विजेनं सुया हलणार हे उघड होतं. मग नानाभाई मूस यांच्या काळात, 1904 साली, चुंबकीय गुण नसलेलं साहित्य वापरून अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आकडे नव्यांशी जोडता यावेत. ट्राम प्रत्यक्ष धावली 1907 मध्ये. उपकरण तेच, पृथ्वी तीच, पण भोवतालचं काय काय त्या सुईपर्यंत पोचतं हे त्या लोकांनी आधी विचारलं. आपण कंपायलरच्या बाबतीत ते नंतरही विचारत नाही.

लोकांच्या मनात याबद्दल गोंधळही भरपूर आहे. सीफ्लॅग्ज हे व्हेरिएबल जीसीसी वाचतो असं छातीठोक सांगणारे मी मुलाखतींमध्ये पाहिले आहेत. जीसीसी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ते वाचतो मेक हा बांधणीचा प्रोग्राम, आणि आज्ञेत घालून जीसीसीला देतो. विंडोजवाल्यांचा व्हिज्युअल स्टुडिओ तर यावरच उभा आहे. त्याची ती वेगळी 'डेव्हलपर' काळी खिडकी म्हणजे इन्क्लूड, लिब, पाथ ही व्हेरिएबलं भरून ठेवलेली साधी खिडकीच. जीसीसीच्याच घरात सीपाथचा एक भाऊ आहे, सी_इन्क्लूड_पाथ. त्यातले पत्ते सिस्टिमचे समजले जातात आणि सिस्टिमच्या हेडरमधल्या इशाऱ्यांवर कंपायलर पांघरूण घालतो. तेव्हा पत्ता एका व्हेरिएबलमधून दुसऱ्यात हलवला की त्या लायब्ररीचे वॉर्निंग गायब होतात. काही जण याला दुरुस्ती म्हणतात.

कंपायलर अडला तर एकवेळ बरं. मला धाक वाटतो तो न अडणाऱ्याचा. पुण्यात असताना आमचा मीटरचा कोड जर्मनीतल्या एका गटाकडे बांधायला जायचा. त्यात दुरुस्तीच्या गुणकांचा एक तक्ता होता, आणि तो तक्ता एक छोटा प्रोग्राम बांधणीच्या वेळी छापून द्यायचा. तो छोटा प्रोग्राम यंत्रावर निवडलेली भाषा मानणारा होता, म्हणजे लँग व्हेरिएबल बघून आकडे लिहिणारा. जर्मन रिवाजात दशांशाला स्वल्पविराम. आमच्याकडे 1.52 छापलं जायचं तिथं त्यांच्याकडे 1,52 छापलं गेलं. सी भाषेत तक्त्यातला स्वल्पविराम म्हणजे पुढचा आकडा. एकाचे दोन झाले, तक्ता दुप्पट लांब झाला, लांबी कुठं लिहिलेलीच नव्हती म्हणून कंपायलरनं हूं की चूं केलं नाही. मीटर मात्र भलतंच वाचू लागला. चाचणीच्या टेबलावरच सापडलं हे नशीब. तेव्हापासून बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ एलसी_ऑल बरोबर सी, हा माझा नियम आहे आणि त्यावर मी वाद घालत नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट 2009 साली टॉड मित्कोविच, अमेर दिवान, मथायस हाउसविर्थ आणि पीटर स्वीनी यांनी दाखवली. त्यांनी व्हेरिएबलांचा अर्थ सोडाच, फक्त त्यांची एकूण लांबी बदलली. निरुपयोगी अक्षरं भरत गेले. तर प्रोग्रामचा वेग बदलला, इतका की जीसीसीच्या ओ-टू आणि ओ-थ्री या ऑप्टिमायझेशनच्या दोन पातळ्यांत कोणती सरस याचा निकाल उलटावा. कारण साधं आहे. ही यादी प्रोग्रामच्या स्टॅकच्या टोकाला ठेवली जाते, ती लांबली की स्टॅकची सुरुवात सरकते, आणि डेटा मेमरीत थोडा वेगळ्या जागी पडतो. आपलं युजरनेम लांब असणंही त्या यादीत मोजलं जातं. हे सांगितल्यावर पोर हसली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

उलट बाजूही आहे. हीच सोय नीट वापरली तर उपकाराची. कोडमध्ये बांधणीची तारीख छापणारा मॅक्रो असेल तर रोज बांधलेली फाइल रोज वेगळी निघते. सोर्स_डेट_इपॉक या व्हेरिएबलमध्ये ठरावीक क्षण, 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत, लिहून ठेवला की जीसीसी तीच तारीख छापतो. 2017 च्या जीसीसी 7 पासून हे आहे. मग डेबियनसारखा प्रकल्प कुणालाही म्हणू शकतो की बांधून बघा, बाइट न् बाइट तीच फाइल येते का ते.

तिच्या बॅशआरसीतली ओळ आम्ही दुरुस्त केली. जुनं मूल्य असेल तरच कोलन लावायचा, शेलला हे एका ओळीत सांगता येतं. तिनं आपल्या हेडरचं नावही बदलून 'पाणी डॉट एच' केलं. नाव बदलणं चांगलंच, पण नुसतं तेवढं केलं असतं तर कोलन तसाच राहिला असता, आणि उद्या तिच्या फोल्डरमध्ये 'टाइम डॉट एच' आली असती. भरतीच्या प्रोग्राममध्ये ती येणारच. कार्यशाळेवाल्यांना तिनं मेल पाठवला. उत्तर आलेलं नाही.

लॅब घेणाऱ्या सर-मॅडमना एक विनंती. जर्नलमध्ये प्रोग्राम आणि आउटपुट चिकटवायला लावताच, तर त्याखाली जीसीसीची आवृत्ती आणि एन्व्ह या आज्ञेचं उत्तर, पासवर्ड वगैरे काही असेल तर ते वगळून, तेवढंही चिकटवायला लावा. पान-दीड पान वाढेल. आणि 'घरी चालत नाही' म्हणून कुणी आलं, तर फॉरमॅट सुचवायच्या आधी त्याच्याकडून एन्व्ह मायनस आय एकदा चालवून घ्या.