४१ मीटरच्या आसपास

रेडिओ नवाकोरा आहे, पण जन्मतःच म्हातारा. अंग सागवानी दिसतं, ते प्लॅस्टिकवर चिकटवलेल्या लाकडी रेषांच्या कागदामुळे. समोर सोनेरी जाळी, तिच्यामागे जाळीच्या पाव भागाएवढा एकुलता एक स्पीकर. वर चामड्याचा आव आणणारी मूठ. आणि या सगळ्या जुनेपणाच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून, पेनड्राइव्हची खाच, मेमरी कार्डाची खाच, ब्लूटूथ आणि एक टॉर्च. टॉर्च कशासाठी, हे दुकानदारालाही सांगता येईना. "त्याच्याबरोबर येतोच तो, ताई," एवढंच म्हणाला.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास वायरी, दिवे, स्पीकर, चार्जर यांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. तिथे रेडिओ मागितला की आधी 'कारवाँ' पुढे येतो. सारेगामानं २०१७ मध्ये आणलेला हा डबा जुन्या रेडिओसारखा दिसतो आणि त्यात पाच हजार गाणी आधीच भरलेली असतात. आईवडिलांना भेट द्यायला फार उत्तम. पण त्यात काही शोधावं लागत नाही आणि शॉर्टवेव्हही नाही. "शॉर्टवेव्हवर आता काय लागतं, ताई? नुसती खरखर," दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, "बघू तरी." त्याने काटा फिरवला, तर धड खरखरसुद्धा येईना. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच घूं. डोक्यावर शे-दीडशे एलईडी दिवे लखलखत होते, आणि त्यांच्या आतली स्वस्त इलेक्ट्रॉनिक करामत नेमकी याच लहरींवर गोंगाट करते. शॉर्टवेव्ह रेडिओ विकायला याहून वाईट जागा सापडणं कठीण. तरी घेतला.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे एरियल. रेडिओची सळई शेवटपर्यंत ओढली तरी फार काही हाती लागत नाही. गॅलरीत कपड्यांच्या दोरीला लागून वीस-पंचवीस फूट तांब्याची वायर ताणली आणि मगरचिमट्याने तिचं टोक सळईला लावलं. पूर्वी घरोघरी दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी टांगलेली असे. पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सचे पैसे भरावे लागत. लायसन्स गेलं, पट्टी गेली. माझी वायर तेवढी शेजारच्या काकूंच्या नजरेत भरली. "माकडांसाठी का गं?" त्यांनी विचारलं.

मग घरातल्या एकेका वस्तूची झाडाझडती. मोबाइलचा चार्जर प्लगमधून काढला की गुरगुर कमी होते. स्वयंपाकघरातला ट्यूबलाइट मालवला की आणखी कमी. वीज गेली की सगळी इमारत गप्प होते आणि शॉर्टवेव्ह उजळते. लाइट गेल्याचा आनंद होणारी आमच्या सोसायटीतली मी एकटीच असेन.

ट्यूनिंगचं चाक केसभर फिरवायचं असतं. अंगठ्याने फिरवलं तर तीन देश ओलांडले जातात, म्हणून तर्जनीचं टोक कडेला टेकवून नुसतं ढकलायचं. आत चाकापासून काट्यापर्यंत दोरा गेलेला आहे आणि त्याला थोडी ढील आहे. डावीकडून आलं तर स्टेशन एका जागी लागतं, उजवीकडून आलं तर कांडभर अलीकडे. पट्टीवरच्या आकड्यांवर त्यामुळे फारसा भरवसा ठेवता येत नाही. १० मेगाहर्ट्झवर मात्र एक खूण सापडली. तिथे रात्री टिक्, टिक्, टिक् असा सेकंदांचा ठोका येतो. तो चीनच्या शान्शी प्रांतातल्या वेळ सांगणाऱ्या केंद्राचा. तो लागला की काटा नक्की कुठे आहे ते कळतं आणि तिथून पुढे-मागे मोजत जाता येतं. चीनचंच दुसरं एक दणदणीत स्टेशन पट्टीवर दोनदा लागतं, एकदा आपल्या जागी आणि एकदा ९१० किलोहर्ट्झ खाली. स्वस्त रेडिओ आलेली लहर आतल्या आत ४५५ किलोहर्ट्झवर उतरवून घेतो. तसं करताना त्या आकड्याच्या दुप्पट अंतरावरचं जोरदार स्टेशनही त्याच दारातून आत शिरतं. त्या खालच्या जागी खरं तर कुणीच नसतं.

दिवस असतो तोवर १९ मीटर, १६ मीटर असे वरचे बँड बोलतात. सूर्य मावळला की ४९, ४१, ३१ मीटर जागे होतात. वर हवेत विद्युतभारित थर आहेत. त्यांतला खालचा थर दिवसा उन्हामुळे तयार होतो आणि लांबट लहरी गिळतो. रात्री तो विरतो, मग त्याच लहरी आणखी वर, सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत, जाऊन आपटतात आणि हजारो किलोमीटरवर खाली उतरतात. मधल्या मुलखाला काहीच ऐकू येत नाही. एखादा ट्रान्समीटर शेजारच्या जिल्ह्यात धड लागत नाही आणि समुद्रापलीकडे खणखणीत लागतो, तो यामुळेच. वरून सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्र आहेच. आज रात्री काय लागेल ते सूर्य ठरवतो, आणि त्याच्याकडे तक्रार नोंदवायची सोय नाही.

माझी भाची सुट्टीत आली होती. तिने मोबाइल बाजूला ठेवून चाक हातात घेतलं, त्याचं मला कौतुक वाटलं. एक बाई कुठल्याशा भाषेत संथ बोलत होती, मागे तंतुवाद्य.

"आत्या, ही कोण आहे?"

"माहीत नाही."

"बघ ना, कुठे लिहून येत असेल."

"कुठेही येत नाही. थांब, तासाच्या ठोक्याला सांगतील."

ती थांबली. ठोका जवळ आला आणि नेमका आवाज खोल खोल जाऊ लागला. एकच लहर दोन वाटांनी येऊन पोचते. कधी दोन्ही मिळून आवाज फुगतो, कधी एकमेकींना खाऊन टाकतात. नाव सांगून झाल्यावर आवाज पुन्हा स्वच्छ आला. भाचीने वैतागून विचारलं, "मागे घेता येत नाही?" ती बाई कोण, ते आजतागायत कळलेलं नाही.

मला या डब्याचं आकर्षण आहे ते इथे. त्याच्या खोट्या सागवानात माझा जीव मुळीच गुंतलेला नाही. ती बाई कोण हे मला ठाऊक नाही आणि मी ऐकत होते हे तिलाही ठाऊक नाही. मोबाइलवर गाणं लावलं की कुणी लावलं, किती सेकंद ऐकलं, मध्येच का सोडलं याची नोंद कुठेतरी होते आणि दुसऱ्या दिवशी तसलीच आणखी दहा गाणी दारात उभी राहतात. शॉर्टवेव्हवाला आवाज आकाशात फेकून मोकळा होतो. तो कुठे पडला, कुणी उचलला, हे त्याला कळायची सोय नाही.

माझ्या पट्टीवर ७ चा आकडा आणि ४१ मीटरची खूण यांच्यामध्ये बोटभर रिकामी जागा आहे. ४२.३४ मीटर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ, तिथेच पडतं. १९४२ च्या ऑगस्टअखेरीस मुंबईतल्या कुठल्याशा खोलीतून याच लहरीवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. पुढारी तुरुंगात होते, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप होतं. तो चालवणाऱ्या उषा मेहता बावीस वर्षांच्या होत्या. विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर असे सोबती होते आणि यंत्रसामग्रीला शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांचा हात होता. पोलिसांची शोधगाडी मागावर असल्यामुळे जागा सारख्या बदलाव्या लागत. आम्ही भारतातून कुठूनतरी बोलतो आहोत, एवढाच पत्ता ते सांगत. त्याच वर्षी बीबीसीने लंडनहून मराठीत प्रक्षेपण सुरू केलं होतं. तिथे साम्राज्याचं बळ पाठीशी होतं. इथे खोलीत चारदोन माणसं, आणि आपलं कुणी ऐकतं आहे की नाही याची खात्री देणारं कुणी नाही. खात्रीने ऐकणारे श्रोते एकच, पोलीस. ते रोज बसून सगळं शब्दशः उतरवून घेत होते, खटल्यात लागेल म्हणून. १२ नोव्हेंबर १९४२ ला केंद्र पकडलं गेलं. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि आमच्या येरवड्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. त्या प्रक्षेपणात काय बोललं गेलं, हे आज वाचायला मिळतं ते बरंचसं त्या पोलिसी वह्यांच्या कृपेने. इतका निष्ठावान श्रोता फार थोड्या केंद्रांना लाभला असेल.

आता त्या जागी रात्री हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात, ते गप्पा मारतात. त्यांचं बोलणं उलगडायची सोय माझ्या डब्यात नाही, त्यामुळे ते सगळे बदकाच्या आवाजात बोलतात. तरीही मी तिथे काटा थोडा वेळ ठेवते.

रेडिओ सिलोनची गोष्ट याच्या बरोब्बर उलटी. तिथे श्रोत्यांना तोटा नव्हता. युद्धकाळात माउंटबॅटन यांच्या सैन्यासाठी श्रीलंकेत शॉर्टवेव्ह केंद्र उभं राहिलं, पुढे त्याला शंभर किलोवॅटचा ट्रान्समीटर मिळाला आणि युद्ध संपल्यावर ते सगळं सिलोनच्या हाती आलं. १९५२ मध्ये आपले नभोवाणीमंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली आणि सगळा देश गाणी ऐकायला समुद्रापलीकडे गेला. अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' त्याच वर्षी सुरू झाली. ती मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायची, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री आठला आकाशावर आपटून पुन्हा मुंबईत उतरायची. गिरगावातल्या माणसाला कुलाब्यात बोललेलं ऐकायला कोलंबोहून वळसा! १९५७ मध्ये विविध भारती निघाली, ती या वळशावरचा उतारा म्हणून. केसकरांच्या संगीतप्रेमाबद्दल मला शंका नाही. पण बंदी घालून लोकांची रुची घडवता येते, या त्यांच्या समजुतीला सिलोनच्या ट्रान्समीटरने दर बुधवारी उत्तर दिलं. तिथेही आपण पोचलो की नाही हे कळायचं एकच साधन होतं, पत्रं. झुमरीतलैया हे गाव देशाला माहीत झालं ते फर्माइशीच्या पोस्टकार्डांमुळे.

असला वळसा पुण्यालाही ठाऊक आहे. अॅडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओ या ख्रिस्ती संस्थेचं केंद्र पुण्यात आहे आणि तिचे मराठी कार्यक्रम वर्षानुवर्षं परदेशी ट्रान्समीटरवरून आपल्याकडे येत राहिले. पुण्याचं मराठी समुद्र ओलांडून पुण्यात!

आता पट्टीवर मोकळी जागा फार झाली आहे. रेडिओ ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या जानेवारीत शॉर्टवेव्ह सोडली. व्हॉइस ऑफ अमेरिकेचा आवाज २०२५ च्या मार्चमध्ये सरकारी आदेशाने थांबला. बीबीसी हिंदीचं मला अजून कोडं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मिरात फोन आणि इंटरनेट बंद पडले तेव्हा त्यांनी शॉर्टवेव्हवरचा हिंदी कार्यक्रम वाढवला. वायर तोडली तरी आकाश तोडता येत नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. आणि ३१ जानेवारी २०२० ला तीच हिंदी शॉर्टवेव्ह कायमची बंद. दोन वर्षांनी युक्रेनचं युद्ध पेटलं, तेव्हा तिथल्या लोकांसाठी बीबीसीला पुन्हा शॉर्टवेव्हचीच आठवण झाली. खर्चाची गणितं मला कळतात. ट्रान्समीटर वीज खातात, श्रोते मोजता येत नाहीत, आणि जे मोजता येत नाही ते कारकुनी वहीत शून्य धरलं जातं.

उरलेल्यांत चीन सगळ्यात मोठ्याने बोलतो. अरबी केंद्रांवरचं कुराणपठण रात्री उशिरा फार सुरेल लागतं. व्हिएतनाम आहे. आणि रोमानिया. रेडिओ रोमानिया इंटरनॅशनलची इंग्रजी निवेदिका एका रात्री इतकी स्वच्छ आली की मी पेन घेऊन बसले.

श्रोत्याने केंद्राला अहवाल पाठवायचा आणि केंद्राने "होय, तुम्ही ऐकलंत ते आम्हीच" असं चित्रकार्ड पाठवायचं, ही शॉर्टवेव्हवरची जुनी रीत. अहवालात नुसतं छान वाटलं, आवडलं लिहून भागत नाही. तारीख हवी, वेळ आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून हवी. लहरीचा आकडा मी निवेदिकेने सांगितला तोच लिहिला, कारण माझा काटा न्यायालयात साक्षीला उभा करण्यासारखा नाही. मग पाच आकडे: जोर, दुसऱ्या स्टेशनचा त्रास, खरखर, चढउतार आणि एकूण मत, प्रत्येकाला पाचपैकी गुण. मी शाळा तपासनीसाच्या हाताने ३४३२३ दिले. कार्यक्रमात काय काय होतं तेही लिहायचं, नाहीतर कुणीही घरबसल्या थाप मारील. ईमेलनेही चाललं असतं, पण मी लिफाफा घेऊन पोस्टात गेले.

खिडकीतल्या माणसाने पत्ता वाचला, लिफाफा काट्यावर टाकला.

"बुखारेस्ट. नातेवाईक का, मॅडम?"

"नाही हो. त्यांचा रेडिओ ऐकला, ते कळवतेय."

"मग ते काय पाठवणार?"

"एक कार्ड. तुम्ही ऐकलंत ते खरं, असं छापलेलं."

"पोचपावती म्हणा की," तो म्हणाला, आणि तिकिटांवर दणकन शिक्का मारला.