उडी मारायची नाही

गरव्या कांद्याची लागण परवा उरकली, म्हणून चार दिवस पेजवर काही टाकलं नव्हतं. आज पिकाचं नाही, शिकण्याचं लिहितोय. शेती करून कंपनीत कसा लागलो आणि या वयात तिथं काय शिकवलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं.

आमचं दीड एकर औद्योगिक वसाहतीत गेलं, अडीच उरलं. चाकण मार्केटला कांद्यानं साथ दिली तर वर्ष निघतं, नाही दिली की सोसायटीचं कर्ज आहेच. म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी ठेकेदारामार्फत फोर्कलिफ्टवर लागायचं ठरवलं. वीस वर्षं ट्रॅक्टर हाकलेला माणूस, मला कोण काय शिकवणार, असाच तोरा होता. रुजू करून घ्यायच्या आधी आठ दिवस भोसरीकडच्या एका प्रशिक्षण केंद्रात पाठवलं. तिथं मशीन नव्हतंच. एक खुर्ची, मूठ बसवलेलं स्टीअरिंग, काटे वरखाली आणि तिरके करायचे दांडे, पायात ब्रेक आणि समोर तीन टीव्ही. पोरांचा गेमच म्हणा ना.

पहिल्या अर्ध्या तासात सात वेळा रॅकला धडकलो.

कारण साधं होतं. ट्रॅक्टरची पुढची चाकं वळतात, फोर्कलिफ्टची मागची. तुम्ही डावीकडं वळलात की तुमचं बूड उजवीकडं झाडू मारल्यासारखं फिरतं. माझे हात वीस वर्षांचे शिकलेले, ते ऐकेचनात. शेजारी बसलेल्या बावीस वर्षांच्या पोराला आधीची काहीच सवय नव्हती, तो दुपारपर्यंत सुतासारखा सरळ. शिकवणाऱ्या मॅडम लातूरकडच्या, वयानं माझ्या पुतणीएवढ्या. त्या म्हणाल्या, "काका, ट्रॅक्टर विसरा. हार्वेस्टर बघितलाय ना वळताना? तसं समजा." तिथं डोक्यात उजेड पडला. हार्वेस्टरही मागच्या चाकांनीच वळतो, आणि शेताच्या टोकाला त्याचं शेपूट कसं फिरतं ते आपण बांधावर उभं राहून पाहिलेलं असतंच.

त्यांचा एकच नियम होता. अपघात झाला की पडदा थांबणार, आणि काय चुकलं ते सगळ्यांसमोर तोंडानं सांगितल्याशिवाय पुन्हा सुरू होणार नाही. पहिल्या दिवशी मी म्हणालो, मशीनच ऐकत नाही. पडदा थांबलेलाच. पोरं हसतायत. चाळिशीतल्या माणसाला याचा काय त्रास होतो ते ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. पण खरं सांगू का, चूक शब्दात सांगायला लागलो तेव्हापासूनच ती कमी व्हायला लागली.

चौथ्या दिवशीचं लिहायचं म्हणून हा सगळा प्रपंच. माल तीन मीटर वर उचललेला होता आणि मी तसाच जोरात वळलो. पडदा कलला. मी स्टीअरिंग सोडलं आणि खुर्चीवरून उठून बाजूला झालो. सगळी बॅच हसली, मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, ज्या बाजूला तुम्ही उडी मारली, त्याच बाजूला मशीन पडलंय."

2014 साली माझा चुलतभाऊ कॅनॉलच्या भरावावर गेला तो असाच. ट्रॅक्टर कलला, त्यानं उडी मारली, आणि मडगार्ड त्याच्यावर आलं. आम्ही सगळे दहा वर्षं म्हणत होतो, बिचाऱ्याची उडी अर्ध्या सेकंदानं चुकली. उडीच चुकीची होती हे मला भोसरीत एका खुर्चीत बसून कळलं. फोर्कलिफ्टला पट्टा बांधून आत बसायचं, स्टीअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि पडतंय त्याच्या उलट बाजूला झुकायचं. डोक्यावरचं छत त्यासाठीच असतं.

पण हेच आपल्या ट्रॅक्टरला जसंच्या तसं लावू नका. रोल बार असेल तरच पट्टा बांधा. रोल बार नसताना पट्टा बांधला तर माणूस खालीच दाबला जातो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरला दोन्ही नाही, म्हणजे तो कलूच द्यायचा नाही, एवढंच हातात उरतं.

कलतो का, तेही तिथंच समजलं. फोर्कलिफ्टचा मागचा अ‍ॅक्सल मधोमध एका खिळीवर डुलतो, म्हणून चाकं चार असली तरी मशीन तीन ठिकाणीच उभं असतं. आपल्या ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सलही तसाच डुलतो की! म्हणजे तोही तिवईच. वजनाचा भार त्या त्रिकोणाबाहेर गेला की संपलं. 3 टनाची मशीन 3 टन उचलते तीसुद्धा मालाचा मध्य काट्यांच्या टाचेपासून साधारण 500 मिलिमीटरवर असेल तर. माल लांबला की ताकद घटली.

आता उणं सांगतो. पडद्याला वजन नसतं. खऱ्या मशीनवर पहिल्या दिवशी माल उचलला आणि बुडाखाली मागची बाजू हलकी झाल्यासारखी वाटली, तेव्हा तळहात ओले झाले. जमिनीवर सांडलेलं तेल, मागून ओरडणारा सुपरवायझर, तिसऱ्या पाळीची झोप, हे काही त्या तीन टीव्हीत नव्हतं. आणि काही पोरं मुद्दाम मशीन पाडून मजा बघायची. त्यामुळे नुसती खुर्ची घेऊन भागत नाही, शेजारी तशा मॅडम लागतात.

ही खुर्ची नवी नाही म्हणे. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसानं 1929 साली जमिनीवरच वैमानिक तयार करायची पेटी बनवली होती. त्याचे वडील ऑर्गन बनवायचे, त्यातल्याच भात्यांवर ती हलायची. सुरुवातीला ती जत्रेतल्या खेळण्यात जमा होती. 1934 साली लष्करी वैमानिक टपालाची विमानं उडवताना खराब हवेत मेले, तेव्हा लष्करानं सहा पेट्या घेतल्या.

आपल्याकडं ड्रोन शिकायला जाणाऱ्यांना आधी कॉम्प्युटरवर उडवायला लावतात. नमो ड्रोन दीदीमध्ये तर पंधरा दिवसांचं प्रशिक्षण आहे. दहा लिटरचं ड्रोन पडलं तर पैसे जातात म्हणून एवढी काळजी. ट्रॅक्टर मात्र पोरगं बारा वर्षांचं झालं की बापाच्या मांडीवर बसून शिकतं, आणि आपण त्याचे फोटो टाकतो. मीही टाकलाय, याच पेजवर. काल काढून टाकला. पेज वाचणारे कृषी विज्ञान केंद्रातले साहेब लोक आहेत, त्यांना विचारतो: ट्रॅक्टरची अशी खुर्ची गावात आणता येईल का? दहा पोरं पडद्यावर पलटी होऊ देत.

रविवारी थोरल्यानं बांधावरची बाभूळ काढायला घेतली होती. साखळी ट्रॅक्टरच्या वरच्या लिंकला अडकवलेली. तिथून ओढलं आणि खोड हललं नाही तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागं उलटतो. साखळी सोडायला लावली. खाली ड्रॉबारला लावतो म्हणाला, तर तेही नको म्हटलं, एवढ्या बुंध्याला नको. रुसलाय जरा. खोड अजून तिथंच आहे, जेसीबीवाला बुधवारी येतो म्हणालाय.