मेजर इकॉनॉमिक्स, मायनर कांदा

‘इंटरनॅशनल रिलेशन्स’ म्हटलं की नातेवाइकांना दोनच गोष्टी सुचतात. एक, मुलगी फॉरिन सर्व्हिसला जाणार. दोन, मुलीचं परदेशात कुठेतरी जमलंय! माझ्या बाबतीत दोन्ही अंदाज चुकले आणि सगळ्यांचा हिरमोड झाला.

२०१८ ते २०२१ मी पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात बीए केलं. मेजर इकॉनॉमिक्स, मायनर आयआर. २०२०च्या शैक्षणिक धोरणामुळे आता मेजर-मायनर हे शब्द तालुक्याच्या कॉलेजातही ऐकू येतात. पण तेव्हा लग्नाच्या पंगतीत बसून ‘मायनर’ म्हणजे काय हे समजावताना माझी दमछाक व्हायची. शेवटी बाबांनीच सोपं करून टाकलं, ‘‘थाळी इकॉनॉमिक्सची, कोशिंबीर आयआरची.’’ यापेक्षा बरी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

तर ही कोशिंबीर म्हणजे तीन वर्षांत सहा पेपर. सुरुवात थिअरीपासून, आणि थिअरीची सुरुवात ‘ॲनार्की’पासून. मराठीत ‘अराजक’ म्हणा, की डोळ्यासमोर जाळपोळ आणि दगडफेक. पुस्तकातला अर्थ मात्र एकदम थंड डोक्याचा. देशांच्या वर कुणी फौजदार नाही, म्हणून प्रत्येकाने आपापलं बघायचं... बस्स. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९मध्ये एवढ्याशा गोष्टीवर अख्खी थिअरी उभी केली. देशाच्या आत लोकशाही आहे की हुकूमशाही, याला त्यांच्या लेखी फारसं महत्त्व नाही. ताकद किती, तेवढं बोला.

मग आला मेलोसचा किस्सा. इ. स. पूर्व ४१६. बलाढ्य अथेन्स एका चिमुकल्या बेटाला सांगतं, शरण या, नाहीतर संपलात. बेटावरचे लोक न्यायाच्या गोष्टी करतात, ऐकत नाहीत आणि खरोखरच संपतात. पुरुषांची कत्तल, बायका-मुलं गुलाम. वर्गात आम्ही हे नाटकासारखं करून पाहिलं. मी मेलोस. हरणार हे माहीत असूनही अर्धा तास कडाकडा भांडले. अथेन्सच्या बाजूला सगळी एमयूएनवाली ब्लेझरधारी जनता होती (खोटी युनो भरवणाऱ्या या मुलांचं गोत्रच वेगळं असतं!) आणि त्यांना जरा जास्तच मजा येत होती.

इथपर्यंत सगळं छान. परीक्षेपुरतं. मग सेकंड इयरला कांदा आला.

माझ्या मामाची शेती निफाड तालुक्यात. द्राक्षं आणि कांदा. २०१९च्या सप्टेंबरमध्ये त्याचा उन्हाळी कांदा चाळीत होता आणि भाव चढायला लागले होते. कित्येक महिने जपलेल्या मालाचे पैसे होण्याची हीच वेळ. १३ सप्टेंबरला सरकारने किमान निर्यात किंमत टनाला ८५० डॉलर केली. २९ तारखेला, रविवारी, निर्यातच बंद. विधानसभेचं मतदान तीन आठवड्यांवर आलेलं. रात्री मामाचा फोन.

‘‘तू देशादेशांचं शिकतेस ना? मग सांग, माझ्या कांद्याने कुणाचं काय घोडं मारलं?’’

त्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. एका भाषणात त्यांनी हसत हसत तक्रार केली, की कांदा बंद करताना जरा आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी आमच्या स्वयंपाक्याला आता कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय. सभागृहात हशा पिकला. ढाक्यात मात्र भाव चढतच गेले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना चक्क विमानाने कांदा मागवावा लागला.

आता सांगा, वॉल्ट्झ यांची थिअरी इथे काय कामाची? आपल्याशी दोस्ती असलेला शेजारी, ना युद्ध ना भांडण, आणि तरीही आपण त्याला तोंडघशी पाडलं. मी मॅडमकडे गेले. त्यांनी रॉबर्ट पुटनम यांचा १९८८चा एक लेख हातात ठेवला. पुटनम म्हणतात, वाटाघाटी करणारा नेता एकाच वेळी दोन टेबलांवर खेळत असतो. एका टेबलावर परदेशी पाहुणे. दुसऱ्यावर घरचेच लोक, म्हणजे पक्ष, मंत्री, व्यापारी, मतदार. पहिल्या टेबलावरची शहाणी चाल दुसऱ्या टेबलावर सरकार पाडू शकते, आणि उलटही. तो लेख मी होस्टेलच्या गच्चीत एका दमात वाचला. सॉल्लिड! दिल्ली-ढाका प्रकरण डोळ्यासमोर उलगडत गेलं.

टर्म पेपर अर्थातच कांद्यावर. मॅडमनी समासात एकच प्रश्न लिहून तो परत पाठवला : ‘यात शेतकरी कुठल्या टेबलावर?’

आठवडाभर मी त्या एका ओळीशी झटापट केली. कांदा खाणारे प्रत्येक मतदारसंघात आहेत. विकण्यासाठी पिकवणारे मोजक्या जिल्ह्यांत एकवटलेले. म्हणजे मामाला घरच्या टेबलावर खुर्ची आहे, पण पार कोपऱ्यात. आणि ढाक्यातली गृहिणी तर आपल्या कुठल्याच मतदारयादीत नाही. दोघांना एकमेकांची गरज होती आणि दोघांचंही कुणी ऐकणारं नव्हतं. हे मी मोठ्या उत्साहाने मामाला फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘बरोबर असेल तुझं,’’ तो म्हणाला. ‘‘तू टेबलं मोज. मी चाळीत सडलेला कांदा मोजतो.’’

बंदी उठली ती थेट मार्च २०२०मध्ये. सप्टेंबरमध्ये पुन्हा आली, पुन्हा ढाक्याला पत्ता नसताना. तोवर आमचे वर्ग ऑनलाइन गेले होते. २०२१च्या जानेवारीत पुण्यात बनलेली लस शेजारच्या देशांना जाऊ लागली तेव्हा ऊर भरून आला होता. एप्रिलपर्यंत दुसऱ्या लाटेने घरचं टेबल उलटंपालटं केलं आणि लशीची निर्यात जवळपास थांबली. मला पुटनम आठवले, आणि मामाही.

मास्टर्स करायचं का, यावर घरात दोन महिने चर्चासत्र चाललं. मी नोकरी घेतली. कारण साधं आहे, मायनरची झेप मला कळली होती. ना कुठली परकी भाषा शिकले, ना जुने दस्तऐवज चाळायची सवय झाली. मायनर केलं म्हणून आयआर ‘येतं’ म्हणणं म्हणजे सुरळीची वडी आवडते म्हणून ती करताही येते म्हणण्यासारखं. आणि हो, फॉरिन सर्व्हिसला यूपीएससी लागते, डिग्री कुठलीही चालते. मायनर घेऊन तिथला दरवाजा आपोआप उघडेल या भ्रमात कुणी राहू नये.

नोकरी बेलापूरला, माल जहाजाने पाठवणाऱ्या एका कंपनीत. २०२३च्या डिसेंबरमध्ये तिथे एकदम दोन बॉम्ब पडले. ८ तारखेला कांद्याची निर्यात पुन्हा बंद. आणि लाल समुद्रात हुथींचे हल्ले वाढल्यामुळे मोठ्या शिपिंग लाइन्सनी सुएझचा रस्ता सोडला. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाणार, म्हणजे युरोपला सुमारे दोन आठवडे उशीर. ऑफिसात बहुतेकांचं म्हणणं, महिन्याभरात निवळेल. मी म्हटलं, हुथींनी हे गाझाच्या युद्धाशी जोडलंय, शिवाय त्यांना त्यांच्या घरच्या टेबलावर यातून फायदाच आहे, ते कशाला थांबतील? द्राक्षाचा अख्खा सीझन वळशाचा धरून दर द्या. बॉसने भुवया उंचावल्या, पण दर तसेच दिले. तो सीझन संपेपर्यंत जहाजं वळसाच घालत होती.

मामा ज्या निर्यातदाराला द्राक्षं देतो, तो आमचाच क्लायंट. त्यामुळे त्या फेब्रुवारीत मामा मला रोज फोन करायचा. गारेगार कंटेनरमधला माल, त्यात वाढलेले दिवस. रॉटरडॅमला पोचेपर्यंत घडांचे देठ हिरवे राहतील की नाही, या काळजीने त्याला झोप नव्हती.

‘‘कुठवर पोचलं गं जहाज?’’

मी स्क्रीनवर बघून सांगितलं, ‘‘आफ्रिकेच्या पार खालच्या टोकाला.’’

पलीकडे जरा वेळ शांतता.

‘‘तिथे कांदा लागतो का गं कुणाला?’’