चारही चाकांचे बळ आणि वऱ्हाडची काळी माती

बडनेरा हे वाटा फुटण्याचे गाव आहे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील या जंक्शनवरून अमरावतीकडे आणि नरखेडकडे जाणारे रूळ वेगळे होतात. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ही येथूनच अकोल्याकडे वळतो. याच महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा अखंड डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि ७ जून २०२२ रोजी त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. ऐन मृग नक्षत्राच्या तोंडावर पूर्ण झालेले ते काम वऱ्हाडाला अभिमानास्पद वाटले, यात नवल नाही. मात्र त्या डांबराच्या कडेवरून चार पावले खाली उतरले, की पुन्हा तीच जुनी काळी माती भेटते, आणि तिला कोणताही विक्रम ठाऊक नसतो.

ही माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली आहे. तिच्यातील चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पाडतात. कापसाला ती मायेची आहे; चाकाला मात्र नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे भगवान आदिनाथांच्या अतिशय क्षेत्रामुळे आपणां सर्वांना वंदनीय असलेल्या भातकुलीच्या परिसरात, ती अधिकच घट्ट आणि पाणी न मुरू देणारी आहे. पावसाळ्यात पांदण रस्त्यांवर खासर रुतली, की बैलांच्या खांद्यावर जू ठेवणाऱ्या माणसालाच चाकाच्या आऱ्यांना खांदा लावावा लागे. म्हणूनच पूर्वीचे लोक तीर्थयात्रा पावसाळ्यापूर्वी किंवा दिवाळीनंतर काढीत.

आता आपल्या दारात निराळी वाहने आली आहेत. उंच बांध्याची, शहरी आरामाची आणि तरीही चारही चाकांना इंजिनाचे बळ देणारी ही वाहने. भारतात २०१४ साली आलेल्या डस्टरच्या अशा आवृत्तीने आणि २०२२ पासून ग्रँड विटारा व हायरायडर यांनी ही सोय मध्यमवर्गीय कुटुंबापर्यंत आणली. यांची रचना जुन्या जीपसारखी नसते. एरवी ही गाडी पुढच्या दोन चाकांवरच धावते. पुढची चाके घसरू लागली, की संगणक मागील बाजूचा क्लच दाबतो आणि काही बळ मागच्या चाकांकडे जाते. जीप किंवा थारमध्ये असते तशी अतिशय मंद व जोरकस गतीची वेगळी गिअरव्यवस्था यांत नसते. शिवाय तो क्लच फार वेळ राबविला, तर तापतो आणि स्वतःच्या रक्षणासाठी मागची चाके सोडून देतो. ही वाहने पक्क्या रस्त्याची आहेत. अधूनमधून येणाऱ्या वाईट तुकड्यासाठी त्यांना थोडे अधिक बळ दिलेले आहे, एवढेच.

यांपैकी काही गाड्यांत एक गोल बटन असते आणि त्यावर ‘ऑटो’, ‘लॉक’ यांच्या जोडीला ‘स्नो’ असाही शब्द असतो. बडनेऱ्यात बर्फ कुठला? तरी ते स्थान येथे निरुपयोगी नाही. ‘स्नो’मध्ये इंजिनाचा प्रतिसाद मवाळ होतो, त्यामुळे चाकांना एकदम झटका बसत नाही. पहिल्या सरीनंतर टणक रस्त्यावर काळ्या मातीचा जो पातळ, लोण्यासारखा थर साचतो, त्यावर हाच मवाळपणा कामी येतो. चिखल खोल असेल, तर ‘लॉक’ बरे. त्यात पुढच्या व मागच्या चाकांना सुरुवातीपासूनच बळ मिळते. वेग कमी आणि एकसारखा ठेवावा. चाक जागच्या जागी फिरू लागले, तर पाय तत्काळ उचलावा. कारण फिरणारे चाक खालच्या मातीला गुळगुळीत करते आणि स्वतःसाठीच खड्डा खणते. पुढे रेटण्यापेक्षा आपल्याच चाकोरीतून मागे येणे बहुधा सोपे असते.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट टायरची. रस्त्यासाठी बनविलेल्या टायरच्या खाचा काळ्या मातीने दोन-तीन फेऱ्यांतच भरून जातात. मग चारही चाकांवर चार गुळगुळीत लाटणी उरतात. अशा वेळी बळ दोन चाकांना मिळते की चारांना, याने फारसा फरक पडत नाही.

याहून मोठा भ्रम थांबण्याविषयी असतो. ब्रेक तर साध्या गाडीच्याही चारही चाकांना असतात. चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळाल्याने गाडी निघते लवकर. थांबते मात्र इतर गाड्यांइतक्याच अंतरात, आणि वळणावर घसरतेही तितकीच. नाताळच्या सुट्टीत मनालीला जाणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांना हे तेथील उतारावर कळते. ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून हिवाळ्यात लाहौलपर्यंत पोहोचणे सुलभ झाले. पण चाकांनी दाबून काचेसारख्या झालेल्या बर्फावर तेथील जाणते चालक चाकांना साखळ्या बांधतात आणि उतारावर ब्रेकपेक्षा लहान गिअरवर भिस्त ठेवतात. थंडी सात अंशांच्या खाली गेली, की आपल्या मैदानी टायरचे रबर कडक होऊन त्याची पकड सुटू लागते. हिमाचलचा बर्फ आणि वऱ्हाडचा चिखल यांची शिकवण एकच आहे: पकड चाकाखाली असते, बटनात नसते.

पाण्याच्या बाबतीत तर हे बळ प्रत्यक्ष घातक ठरू शकते. फूटभर वाहते पाणी लहान मोटारीला उचलू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक सर्व मोटारींना. तरंगणाऱ्या गाडीची चारही चाके फिरली काय आणि न फिरली काय, सारखेच. नाल्यावरचा रपटा पाण्याखाली असताना मागच्या आसनावर वृद्ध आई-वडील आणि मुले बसलेली असतात, दर्शनाची वेळ टळत असते, आणि ‘आपली गाडी चारही चाकांची आहे’ हे वाक्य ओठांवर येते. त्या वाक्याला तेथेच आवर घालावा. पाणी ओसरेपर्यंत थांबणे हीसुद्धा यात्राच आहे.

बडनेऱ्याहून मुक्तागिरीस निघालेल्या यात्रिकाला हे अधिक स्पष्ट होते. अमरावती, आसेगाव पूर्णा, परतवाडा असा हा रस्ता सातपुड्याच्या पायथ्याशी जातो. साडेतीन कोटी मुनी जेथून सिद्धपदास गेले अशी आपली श्रद्धा आहे, ते हे मेंढागिरी सिद्धक्षेत्र आज मध्यप्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात असले, तरी वऱ्हाडच्या हृदयातच वसलेले आहे. पावसाळ्यात तेथील धबधबा भरभरून कोसळतो आणि बावन्न मंदिरांची शिखरे हिरवाईत उजळतात. पण कितीही बलवान वाहन असो, ते पायथ्याशी उभे राहते. पुढच्या पायऱ्या पायांनीच चढायच्या असतात.

आपल्या आचार्यांनी वाहनाचा विचार केला नसेल, पण जाण्याचा विचार फार सूक्ष्मपणे केला आहे. चातुर्मासात साधुजन विहार थांबवितात, कारण ओली भूमी जिवांनी भरलेली असते. मृगाचे लाल मखमली किडे, गांडुळे, नुकते अंकुरलेले तृण. श्रावकाला तेवढे कठोर बंधन नाही; त्याच्यासाठी दिग्व्रत व देशव्रत आहेत, ज्यांत तो आपल्या येण्याजाण्याची सीमा स्वतःच ठरवितो. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात प्रमादचर्येचे वर्णन करताना निष्कारण भूमी उकरणे, पाणी ढवळणे यांच्याबरोबरच निष्प्रयोजन भटकणे आणि इतरांना भटकविणे यांचाही समावेश केला आहे. केवळ गंमत म्हणून पावसाळ्यात गाडी चिखलात घालणाऱ्यांनी हे आवर्जून वाचावे. त्या मौजेत जीवहिंसा तर होतेच. शिवाय पांदणीत पडलेल्या खोल चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात आणि पुढे पेरणीचे वा कापसाचे ओझे नेणाऱ्या शेतकऱ्याच्या बैलांना त्या सोसाव्या लागतात.

याचा अर्थ असे वाहन घेऊ नये, असा नाही. आजारी माणसाला रात्री दवाखान्यात नेताना, गावाबाहेरच्या शेतावरून वृद्धांना आणताना, विहारातील साधूंच्या आहारव्यवस्थेसाठी आडगावी पोहोचताना हे बळ खरोखर उपकारक आहे. एक साधी सवय मात्र लावून घ्यावी. वाट संशयास्पद दिसली, तर गाडी थांबवून आधी आपण उतरावे, काठीने चिखलाची खोली पाहावी, पलीकडचा काठ पाहावा आणि मगच ठरवावे. साधू चालताना चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात. त्यालाच ईर्यासमिती म्हणतात. पुढे जाण्याचे बळ कारखान्यातून विकत मिळते. कोठे थांबायचे, हे मात्र ज्याचे त्यानेच जाणावे लागते. जय जिनेंद्र.