फुकटची केबिन आणि जोयड्याचा फणस

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुला म्हणे क्रूझ फुकट मिळते? आम्हालाही सांग की!" मी हसून वेळ मारून नेली. ह्यूस्टनमध्ये राहायचं आणि गॅल्व्हेस्टनच्या धक्क्यावरून वर्षाला दोन क्रूझ करायच्या, म्हणून मला सगळे 'क्रूझवाला' म्हणतात. खरं सांगायचं तर ते मला आवडायचं. पण त्या प्रश्नाचं सरळ उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. ते या जानेवारीत सापडलं, आणि तेही आमच्या गावी, जोयड्यात, जिथून समुद्र दिसतसुद्धा नाही.

जोयडा कुठे आहे, हे आपल्या पुढच्या पिढीला सांगावं लागेल. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा तालुका गोव्याच्या सीमेला खेटून आहे. जुनी माणसं अजून त्याला 'सुपा' म्हणतात. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं सुपा धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं, आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. उठवलेल्या बऱ्याच लोकांची वस्ती रामनगरला झाली. माझ्या आजीचं माहेर त्याच पाण्याखाली आहे. आमच्या घरात मराठी, बाजारात कोकणी आणि कचेरीत कन्नड, अशा तीन भाषांत आमचं बालपण गेलं. पुढे हुबळीला बी.ई. केलं आणि मग सगळ्यांसारखाच मीही बाहेर पडलो.

आता आम्ही मोपा विमानतळावर उतरतो. फोंडा, मोले मागे टाकत गाडी अनमोड घाट चढते आणि वर आलं की हवा बदलते. तिथून कॅसलरॉकला फाटा जातो. १९६१ पर्यंत ते ब्रिटिशांच्या आणि मग भारताच्या बाजूचं सीमेवरचं स्टेशन होतं, पलीकडे पोर्तुगीज. मुलाला हे सांगितलं तर त्याने विचारलं, "म्हणजे इथे पासपोर्ट लागायचा?" पुढे रामनगर, आणि मग दोन्ही बाजूंनी जंगल. काळी व्याघ्र प्रकल्पाचा मोठा भाग याच तालुक्यात आहे. फोनची रेंज गेली की समजायचं, घर जवळ आलं.

ईमेल आला तो वळणावर

घरापासून दहा मिनिटांवर रस्त्याचं एक वळण आहे. तिथे रेंज मिळते. संध्याकाळी अर्धी वाडी तिथे फोन कानाला लावून उभी असते. मीही गेलो, आणि ऑफिसच्या ईमेलच्या आधी हा दिसला: बाल्कनीची केबिन फुकट, दोघांसाठी, वर कॅसिनोत खेळायला ३०० डॉलर. तारखा एप्रिल आणि मे. रविवारपर्यंत बुक करा.

मी लगेच बोट टेकवलं नाही, त्याला कारण आहे.

अशीच एक ऑफर आदल्या वर्षी आली होती. ज्या कंपनीच्या जहाजावर मी जातो तिथे कॅसिनोचे पॉइंट ३१ मार्चला शून्य होतात. माझी पायरी टिकायला थोडेच पॉइंट कमी पडत होते. म्हणून मार्चमध्ये 'फुकटची' पाच रात्रींची क्रूझ घेतली. त्याच सुमारास आजीचा दर रविवारचा फोन चालू होता. "मे महिन्यात ये रे. कापा फणस लागलाय झाडाला. पोराला घेऊन ये." माझी सुट्टी महिन्याला सव्वा दिवस जमा होते. ऑक्टोबरच्या क्रूझला चार दिवस गेले, मार्चच्या क्रूझला पाच. मे महिन्यात माझ्या खात्यात अडीच दिवस होते. मी म्हटलं, "आजी, पुढच्या वर्षी नक्की." ती म्हणाली, "बरं."

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आजी गेली. मी बिनपगारी रजा घेऊन तेराव्याला पोचलो. फणस झाडालाच होते.

यात क्रूझ कंपनीचा काही दोष नाही. त्यांनी ऑफर पाठवली, मी घेतली. चूक झाली ती माझ्या हिशोबात.

काकांचा प्रश्न

घरी आल्यावर काकांना ईमेल वाचून दाखवला. काका उकडलेली कणगरं सोलत बसले होते. हे दिवस कंदमुळांचे. कोनफळ, करांदे, कणगर, सगळं जमिनीतून निघतं. इथल्या कुणबी शेतकऱ्यांनी हे वाण पिढ्यानपिढ्या जपलेत आणि जानेवारीत जोयड्यात त्यांचा मेळाही भरतो. काकांनी शांतपणे विचारलं, "राहायला देतात, जेवायला घालतात, वर खेळायला पैसे देतात. मग त्यांचं पोट कशावर चालतं?"

उत्तर माझ्या चुलतभावाने दिलं. तो टॅक्सी चालवतो. कर्नाटकात कॅसिनो नाही, पण पणजीला मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत. धारवाड-हुबळीकडची गिऱ्हाइकं तो रामनगर-अनमोडमार्गे थेट जेट्टीवर सोडतो. तिथून छोट्या बोटीने ती आत जातात. "दादा, तिथेही हेच," तो म्हणाला. "प्रवेशाच्या पैशात जेवण, दारू आणि थोड्या चिप्स. पण त्या चिप्सची रोख मिळत नाही, एकदा खेळायच्या आणि संपल्या. जास्त खेळणाऱ्याला पुढच्या वेळी खोली फुकट, कधी माझी गाडीपण. जाताना मला गाणी लावायला सांगतात, येताना बंद करायला."

भारतात तर करांचं ओझंही मोठं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलात तर त्यावर ३० टक्के आयकर वेगळा. आई-बाबांना भेटायला गेल्यावर मित्रांबरोबर 'जरा बघून येऊ' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

कालनिर्णयच्या मागच्या बाजूला

मग मी जुन्या कालनिर्णयचं पान घेतलं आणि मागे आकडेमोड मांडली. कॅसिनोवाले तुम्ही किती हरलात हे बघून ऑफर देत नाहीत. तुम्ही किती रक्कम फिरवली आणि त्यावर सरासरीने किती हराल, हे बघतात. ज्यांचे आकडे जाहीर आहेत असं उदाहरण घेऊ. रॉयल कॅरिबियनच्या क्लब रॉयालमध्ये स्लॉट यंत्रात ५ डॉलर फिरवले की १ पॉइंट, आणि २,५०० पॉइंटना 'प्राइम' ही पायरी. म्हणजे १२,५०० डॉलर फिरवायचे. समजा यंत्र सरासरी ८ टक्के ठेवून घेतं, तर गेले १,००० डॉलर. दर फेरीला १ डॉलर आणि तासाला ५०० फेऱ्या धरल्या, तर यंत्रासमोर २५ तास बसायचं. पाच रात्रींच्या सहलीत रोज पाच तास! बायको-मुलं डेकवर, आणि आपण पडद्यावरची चेरी-लिंबं बघत.

माझा स्वतःचा हिशोबही मांडला. कॅसिनोकडे मागितलं तर वर्षाचा जिंकल्या-हरल्याचा उतारा मिळतो. त्या वर्षी मी २,१४० डॉलर हरलो होतो. दोन केबिनचं वाचलेलं भाडं, पेयं आणि खेळायचं क्रेडिट धरून मिळाले साधारण १,५००. म्हणजे फुकटची क्रूझ मला ६४० डॉलरला पडली, आणि नऊ दिवस सुट्टीला. काकांनी पान हातात घेऊन बघितलं आणि एवढंच म्हणाले, "हे नऊ दिवस कुठल्या रकान्यात लिहिलेस?"

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर

क्रूझ सोडा, असं मी म्हणणार नाही. आम्हाला ती आवडते, मुलांना तर फारच. पण फायदा घ्यायचा तर असा घ्या:

१. रात्रींचे पॉइंट आणि जुगाराचे पॉइंट वेगळे ठेवा. रॉयल कॅरिबियनच्या क्राउन अँड अँकर सोसायटीत एका रात्रीला एक पॉइंट मिळतो, स्वीट घेतला तर दोन. ८० पॉइंटना डायमंड, आणि मग रोज चार पेयं फुकट. हे पॉइंट संपत नाहीत, त्यामुळे घाई नको. एकाच पत्त्यावर राहणाऱ्या नवरा-बायकोला आणि मुलांना वरची पायरी मिळते, म्हणून सगळ्यांचे पत्ते खात्यात नीट जोडून घ्या. जुगाराचे पॉइंट मात्र दरवर्षी शून्य होतात, आणि आपल्याला पळवतात ते हेच.

२. नियम बदलतात, हे धरून चाला. कार्निव्हलने २०२५ मध्ये जाहीर केलं की जून २०२६ पासून त्यांची पायरी दिवसांवर नाही, खर्चावर ठरेल. दहा वर्षांनी उपयोगी पडेल म्हणून आज जास्तीची क्रूझ घेऊ नका.

३. 'फुकट' केबिनची किंमत काढा. भाडं माफ असतं. कर आणि बंदराचं शुल्क द्यावंच लागतं, टिपही वेगळी. पार्किंग, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. आणि त्याच तारखेला तीच केबिन सगळ्यांना कितीला मिळते तेही बघा. ऑफ सीझनला फरक अगदी थोडा असतो.

४. पॉइंटसाठी खेळू नका. खेळायचंच असेल तर सिनेमाला घालवतो तेवढी रोख पाकिटात घाला आणि ती संपली की उठा. केबिनच्या कार्डावर खर्च टाकू नका. खेळायला दिलेलं क्रेडिट रोख मिळत नाही. ते एकदा फिरवा, जे उरेल ते घ्या आणि बाहेर पडा.

५. कॅसिनोत पाय न ठेवता मिळणारं आधी घ्या. पुढची क्रूझ जहाजावरच बुक केली तर बहुधा ऑनबोर्ड क्रेडिट मिळतं. शेवटचा हप्ता भरण्याआधी भाव उतरला तर अमेरिकेत तो कमी करून मागता येतो; मी दर सोमवारी बघतो. तुमच्याकडे कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन किंवा नॉर्वेजियनचे १०० शेअर आधीपासून असतील तर प्रवासाच्या लांबीप्रमाणे क्रेडिट मागा. त्यासाठी म्हणून शेअर घेऊ नका.

६. सुट्टीचा रकाना काढा. हा काकांचा नियम. ऑफरच्या तारखा बघण्याआधी घरच्या तारखा कॅलेंडरवर लिहा: कोणाची साठी, कोणाची मुंज, कोणाची शस्त्रक्रिया. उरलेल्या जागेत ऑफर बसली तर घ्या.

रविवार

रविवारी आम्ही गणेशगुडीला गेलो. धरणातून वीज करून सोडलेल्या पाण्यावर तिथे राफ्टिंग चालतं. पाणी सुटलं नाही तर राफ्टिंग नाही. आम्ही दीड तास वाट बघितली. तेवढ्यात मुलाने झाडावर धनेश पक्ष्यांची जोडी बघितली आणि राफ्टिंग विसरला. परतताना धरणाच्या पाण्याकडे बोट करून काकांनी त्याला सांगितलं, "तुझ्या बाबाच्या आजीचं घर तिथे खाली." तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "खाली मासे राहत असतील आता."

संध्याकाळी वळणावर गेलो. ऑफरची मुदत तेव्हा चालूच होती. मी विमानकंपनीचं पान उघडलं आणि मे महिन्याची तिकिटं काढली. आजीचं वर्षश्राद्ध आहे, आणि कापा फणस. आई-बाबांना घेऊन क्रूझ ऑगस्टमध्ये करू, शाळा सुरू व्हायच्या आधी. स्वतःच्या पैशाने आणि रात्रींच्या पॉइंटवर. बाबांना डायमंडची चार पेयं मिळाली तरी ते चारही वेळा चहाच मागणार.

तुमच्यापैकी कोणी गोव्याला जाणार असाल तर एक दिवस अनमोड घाट चढून वर या. जंगलात धनेश आहेत, उळवीला चन्नबसवेश्वराचं देऊळ आहे, सिंथेरीचा प्रचंड खडक आहे, आणि जानेवारीत आलात तर उकडलेलं कणगर. मे महिन्यात आलात तर आमच्याच घरी या. एक कापा फणस संपवायला दहा माणसं लागतात, आणि आम्ही आता एक कमी आहोत.