सायखेड्याच्या पुलाखालची बोट

नाशिकला तुम्ही जाता ते रामकुंडावर, नाही तर त्र्यंबकेश्वरी. पुराची बातमी आली की आपण विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढले? पण तेच पाणी पुढे कोणाच्या ओसरीत शिरते हे पाहायचे असेल, तर निफाडच्या रस्त्याने चांदोरीस उतरा आणि गोदावरीचा पूल ओलांडून सायखेड्यास जा. वरून गंगापूर धरणाचे पाणी येते, वाटेत दारणा येऊन मिळते आणि खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टात ही दोन्ही गावे पाण्यात होती. पुलाच्या कमानींना पाणवेली अडकल्या की फुगवटा आणखी वाढतो.

बंधाऱ्याच्या जलाशयावर थंडीत पाखरे उतरतात. २०२० च्या जानेवारीत त्याला रामसर यादीत जागा मिळाली, महाराष्ट्रात पहिली. ती पाहायला जरूर जा. मी मात्र गेलो होतो मावशीकडे, मृगाच्या चार दिवस आधी.

अंगणात पाण्याने भरलेले पिंप, त्यात उभे केलेले बोटीचे इंजिन आणि भोवती गावातली चार पोरे. पुरात माणसे काढायला हीच पोरे जातात. मावशीलाही माळ्यावरून यांनीच उतरवले होते, शेळीसकट. म्हणून इंजिनाची काळजी पोरांइतकीच तिलाही.

हे इंजिन गार कसे राहते, ते आधी सांगतो. नदीकाठच्या आपल्या डिझेल इंजिनाला पंपाच्या पाइपातून बारीक नळी काढून पाणी देतात ना, तसाच प्रकार. पाण्यात बुडालेल्या पायात एक रबरी चकती असते, तिला पाकळ्या. ती नदीचे पाणी ओढून वर सिलिंडरभोवती खेळवते. मागून एक बारीक धार बाहेर पडते. धार दिसली की पंप चालू आहे असे समजायचे.

आदल्या पावसाळ्यात पाणवेलींनी पाणी घेण्याच्या जाळ्या बुजल्या आणि चकती कोरडी फिरली. पाणी हेच तिचे वंगण, त्यामुळे ती क्षणात जळाली. पोरांनी वर्गणी काढून नवा, जास्त पाणी फेकणारा पंप आणून बसवला. पिंपात इंजिन सुरू केले. धार अशी जोरदार की भिंतीपर्यंत! सगळे खूश. आणि दहा मिनिटांत गरम झाल्याचा भोंगा वाजू लागला.

पुन्हा उघडले, पुन्हा बसवले, पुन्हा भोंगा. एक म्हणाला, पंपच खराब दिलाय. दुसरा म्हणाला, धार तर चांगली आहे, भोंगाच बिघडला असेल, त्याची वायर काढून टाकू. मला तर हेच पटले होते, खोटे कशाला बोलू?

शेजारचे एक बाबा ओट्यावर बसून हे बघत होते. उभा जन्म शेतावरच्या इंजिनात गेलेला. ते एवढेच म्हणाले, "जुनी चकती कुठं टाकली रं?"

भंगाराच्या डब्यातून ती निघाली. "पाकळ्या मोज."

सहा हव्या होत्या, भरल्या चार.

"मग दोन गेल्या कुठं?"

पोरे गप्प. तुटलेल्या पाकळ्या हवेत विरत नाहीत, पाण्याबरोबर वर जातात. पाण्याच्या वाटेवर शेवटी थर्मोस्टॅट असतो, म्हणजे इंजिन तापले की आपोआप उघडणारी झडप. या इंजिनात बाहेरची धार त्या झडपेच्या अलीकडूनच फुटते. म्हणून धार जोरात आणि डोके तापलेले! झाकण उघडले तर झडपेत एक काळा तुकडा आणि भोवती नदीची रेती. दुसरा तुकडा खालच्या वाटेत सापडला. नवा पंप बसवला, पण वाट कोणी साफ केली नव्हती.

बाबांनी झडप धुतली आणि मावशीकडे पातेले मागितले. चहाचे पातेले द्यायला ती काही केल्या तयार होईना, अखेर एक जुने दिले. पाणी तापत गेले तशी दोऱ्याला टांगलेली झडप हळूहळू उघडली, पाणी निवल्यावर मिटली. म्हणजे तिच्यात खोट नव्हती. झाकणाखाली नवे पॅकिंग घालून इंजिन अर्धा तास चालवले. भोंगा मुका.

तुमच्या गावात अशी बोट असेल तर ती कोरडी कधी सुरू करू नका. जाळीत वेल अडकली तर आधी इंजिन बंद करा, मगच हात घाला. गढूळ पाण्यातून आल्यावर स्वच्छ पाण्याच्या पिंपात थोडा वेळ चालवा. आणि भोंग्याच्या वायरला हात लावू नका.

संध्याकाळी बोट नदीत उतरवली. पुलाखालून पलीकडे गेलो, परत आलो. पाणी संथ होते आणि काठच्या बाभळीवर मागच्या पुराच्या चिंध्या आमच्या डोक्याच्या कितीतरी वर लोंबत होत्या. काठावर मावशी उभी होती. मला वाटले बोट पाहायला आली असेल.

"माझं पातेलं कुठंय?" ती म्हणाली.